फिरवलेला धोंडा

शालन कुबल खोटं बोलत नाहीत, असं सगळी खडपेवाडी मानायची. त्या आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या होत्या, चारचौघींदेखत, ठणकावून. ते खोटं होतं हे फक्त दोघींना ठाऊक होतं. एक त्या स्वतः आणि दुसरी त्यांची धाकटी बहीण मालिनी. त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत दोघी एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नव्हत्या. आता सत्याहत्तराव्या वर्षी ते प्रकरण मिटल्यातच जमा आहे, असं शालनबाई धरून चालल्या होत्या.

मग एका सकाळी ते प्रकरण चार माणसांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून प्रवाळघराच्या दारातून आत आणलं.

प्रवाळघर म्हणजे बंदरावरचा जुना बर्फाचा कारखाना. शालनबाईंच्या लहानपणी तिथून बर्फाच्या लाद्या भुशात लोळत होड्यांपर्यंत जायच्या, आणि फुटलेल्या कपच्या चोखायला मुलं दारात उभी असायची. मासळी कमी झाली, तसा बर्फ थांबला. कारखाना वीस वर्षं बंद होता. मग शालनबाईंची भाची, म्हणजे मालिनीचीच मुलगी गार्गी, समुद्रशास्त्र शिकून परत आली आणि तिने त्या हातभर जाड भिंतींच्या आत समुद्राच्या पाण्याच्या तीन मोठ्या टाक्या बांधून घेतल्या. बाहेर समुद्र तापायचा. आत पाणी थंड राहायचं.

समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. गार्गी भेटीला येणाऱ्या शाळेच्या पोरांना ते सांगायची तेव्हा शालनबाईही काच पुसता पुसता ऐकायच्या. प्रवाळ दगडासारखा दिसला तरी तो प्राणी आहे, एकमेकांना चिकटून राहणाऱ्या हजारो इवल्या प्राण्यांची वस्ती. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न शिजवतं आणि घरमालकाला वाढतं. प्रवाळाला रंग असतो तो या भाडेकरूचा. पण पाणी फार तापलं की भाडेकरूच्या अंगातून विष सुटायला लागतं, आणि प्रवाळ त्याला घराबाहेर काढतो. मग घर पांढरं, चूल थंड. तसेच काही आठवडे गेले की वस्ती उपाशी मरते. मागच्या तीन उन्हाळ्यांत खडपेवाडीच्या किनाऱ्यावर एवढंच झालं होतं.

पाच वर्षांपूर्वी गार्गी म्हणाली होती, "मावशी, तू घरी बसून टीव्हीवरच्या माणसांना शिव्या घालतेस. त्यापेक्षा इथे येऊन बस." शालनबाई आल्या आणि बसल्या मात्र नाहीत. नव्या प्रवाळाची ठेवण हळूहळू त्यांच्याकडे आली. नवीन आलेल्याला आधी तळाशी, सावलीत ठेवायचं. आठ दिवस नुसतं बघायचं. तोंडं उघडतो का, अंग फुगवतो का, पाणी कुठून लागलेलं त्याला आवडतं. मग वीतभर वर. शेजाऱ्यांपासून एक वीत आणि चार बोटं लांब, कारण दिवे मंद झाले की हे गरीब दिसणारे जीव लांब सोंडा काढून शेजाऱ्याला डसतात. शाळेच्या पोरांना हे ऐकून फार आनंद व्हायचा.

पण गेल्या वर्षी 'पारखी' आला. पारखी म्हणजे शिवणयंत्राएवढी पेटी. प्रवाळाच्या अंगाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा त्यात घालायचा. दीड तासात पडद्यावर त्याची जात यायची, किती ऊन सोसेल ते यायचं आणि टाकीत कुठल्या पायरीवर, कुणाशेजारी ठेवायचा तेही यायचं. शालनबाईंनी महिनाभर त्याच्यावर नजर ठेवली. एकदाही चुकला नाही. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्या रोज त्याच्यासमोर जाऊन बसायला लागल्या. एवढ्याशा दाण्यात त्याला एवढं दिसतं कसं, हे त्यांना कळून घ्यायचं होतं.

गार्गीने सांगितलं होतं, "समज, एकच पाककृतींचं पुस्तक दोन सुनांना दिलं. छापलेलं सगळं सारखं. पण एकीने तिच्या पुस्तकात पेन्सिलने लिहिलंय, हे रोज कर, हे कधीच नको. दुसरीच्या खुणा वेगळ्या. दोघींच्या घरचं जेवण वेगळं होणार की नाही? जनुकं म्हणजे ते छापलेलं. त्यांच्यावर पेन्सिलच्या खुणाही असतात, त्या पारखी वाचतो. प्रवाळाची जी बाजू पश्चिमेला असते तिला दुपारच्या ओहोटीत उघड्यावर ऊन लागतं. ती बाजू ऊन सोसायच्या पानांवर खुणा करून ठेवते. पूर्वेची बाजू सावलीत, तिची पानं कोरी. एकाच प्रवाळाच्या दोन बाजू, एक कणखर, एक नाजूक. आजवर तपासलेला प्रत्येक प्रवाळ असाच निघाला."

त्या सकाळी गोणपाटातून निघालेला प्रवाळ तसा नव्हता.

पाटाएवढा घुमट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं घरं. एका अंगाला तपकिरी, दुसऱ्या अंगाला तपकिरीत मिसळलेला हिरवा. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या ओहोटीला गार्गीला तो रवळनाथाच्या देवळासमोरच्या खोलगीत, कातळातल्या पाणी साठणाऱ्या खळग्यात, सापडला होता. चहूकडे पांढरे सांगाडे आणि मध्ये हा एकटा जिवंत. नियमाप्रमाणे तिने त्याच्या पश्चिमेच्या अंगाला निळा दोरा बांधला, मग उचलला. पारखीला दोन दाणे दिले. एक दोऱ्याकडचा, एक समोरचा. दीड तासाने पडद्याकडे बघून ती खुर्चीतून उठली.

"मावशी, इकडे ये. दोन्ही बाजू कणखर आहेत."

"यंत्र चुकलं असेल."

"आकडे तीनदा तपासले. जात आपली नेहमीची मधपोळी, पण स्वभाव भलताच. याच्या खुणा सगळीकडे आहेत. म्हणजे हा शिकलेला नाही, जन्मतःच असा आहे. नवी उपजात." गार्गीचे डोळे लकाकत होते. "उद्या दहाला किनारा मंडळाची माणसं येतायत. त्यांच्यासमोर चाळीस तुकडे करायचे आणि तसेच समुद्रात खडकांवर लावायचे. तीन आठवड्यांत पाणी तापतंय. त्याआधी ते चिकटले पाहिजेत."

"चाळीस?" करवतीचं पातं पुसत बसलेला बाबल परुळेकर म्हणाला. पन्नाशीचा बाबल कारखान्यात बर्फ कापायचा, आता प्रवाळ कापायचा. "एकच तर आहे हो. वाढदिवसाचा केक आहे काय?"

"एकच आहे म्हणून तर. एका जागी ठेवला आणि काही झालं तर संपलं सगळं." मग गार्गी जरा लाजून म्हणाली, "आणि नावही ठरवलंय. आईचं. मालिनी."

शालनबाई वाकून प्रवाळाच्या बुडाशी बघत होत्या. ज्या धोंड्यावर तो वाढला होता त्याच्या कडेला तीनकोनी टवका उडालेला होता. त्यांनी त्यात अंगठा घातला. बरोबर बसला.

*

खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर, कालवं काढायला जाणाऱ्या बायकांचा एक नियम होता. कुणी केला, कधी केला, ठाऊक नाही. शालनबाईंना त्यांच्या आईने परकराच्या वयात शिकवला होता. कालवं फोडायला धोंडा उचललास, सरकवलास, फिरवलास, तर जाताना होता तसाच ठेवायचा. ज्या अंगाला ऊन होतं त्या अंगाला ऊन, ज्या अंगाला सावली होती त्याला सावली. "त्याचा घर आसा ता," आई म्हणायची. कमरेला टोपली, हातात कोयती, गुडघाभर पाणी, सगळ्या बायका हसतखिदळत, कुणाची सासू कुणाच्या तोंडी, पण धोंडा ठेवताना जी ती गप्प व्हायची आणि नीट बघून ठेवायची.

बारा वर्षांपूर्वी, पासष्टाव्या वर्षी, शालनबाईंनी तो नियम मोडला. खोलगीतल्या त्या मधपोळीच्या धोंड्याखाली कालवांचा घोस होता. त्यांनी पहार लावली, पाण्यात असल्यामुळे धोंडा हलका झाला आणि भिंगरीसारखा फिरला. पहार निसटली तेव्हा टवका उडाला. कालवं निघाली. परत फिरवायचा म्हणून त्यांनी पुन्हा पहार लावली, आणि थांबल्या. प्रवाळाची जी बाजू आजवर पूर्वेला, देवळाकडे होती ती आता समुद्राकडे, त्यांच्या बसायच्या दगडाकडे आली होती. ती हिरवी होती. कोवळ्या केळीच्या पानासारखी. तीस वर्षं शालनबाई त्या दगडावर बसून कालवं फोडत होत्या आणि तीस वर्षं त्यांना तपकिरी पाठ दिसत होती. राहू दे, त्यांना वाटलं. माझ्याकडे तोंड करून राहू दे.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर खडपावरची सगळी कालवं मेली. शिंपा उघड्या, आत काही नाही. आता गार्गीमुळे शालनबाईंना ठाऊक होतं की ते पाण्याच्या तापण्याने झालं. तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. देवळासमोर बायका जमल्या, आणि कुणीतरी म्हणालं की धोंडे फिरवून ठेवलेत. मालिनी थोरल्या बहिणीकडे बोट दाखवून म्हणाली, "माझ्या बायन फिरवल्यान एक. मी बघलंय." शालनबाई म्हणाल्या, नाही. मालिनी खोटं बोलते. सगळ्या बायकांनी शालनबाईंवर विश्वास ठेवला, कारण त्या खोटं बोलत नसत. नंतर कितीतरी दिवस बायका मालिनीशेजारी बसायलाही तयार नव्हत्या.

*

दुपारच्या जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून शालनबाई कारखान्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. समोर रिकामी जेटी, तिच्यावर वाळत घातलेलं एकच जाळं.

बोललं नाही तर काय होईल, याचा त्यांनी विचार केला. उद्या चाळीस तुकडे होतील. गार्गीचं नाव होईल, मालिनीचंही. कुणी काही विचारणार नाही. पण त्यांच्या डोक्यात एक प्रश्न सकाळपासून हातात अडकलेल्या गळासारखा ओढ घेत होता. धोंडा फिरवण्यापूर्वी एक बाजू पश्चिमेला होती, ती शिकली. फिरवल्यावर दुसरी पश्चिमेला आली, तीही शिकली असेल. पण पहिली विसरली नसेल तर? मग दोन्ही कणखर निघणारच. आणि उत्तरेच्या, दक्षिणेच्या अंगांचं काय? तिथून तर कुणी दाणा घेतलाच नव्हता. ती अंगं कोरी असतील तर निम्मे तुकडे तीन आठवड्यांत पांढरे पडतील. खडपावरचा शेवटचा जिवंत जीव करवतीने निम्मा मारून ठेवल्यासारखं होईल.

धोंडा नेमका किती फिरला होता, हे मात्र त्यांना खात्रीने आठवेना. ज्या बाईला आठवत असणार तिचा नंबर त्यांच्या फोनमध्ये बारा वर्षं तसाच होता.

"कोण?" मालिनीचा आवाज म्हातारा झाला होता.

"मी."

"मी कोण?" आवाज ओळखूनही तिने विचारलं, हे शालनबाईंना कळलं.

"शालन."

जरा वेळ पंख्याचा आवाज आला. "बरा. कोण गेला?"

"कोणच नाय. तुका एक ईचारूचा होता. रवळनाथाच्या खोलगीतलो मधपोळीचो धोंडो. तो अर्धो फिरलो होतो की पाव?"

फोन तुटला की काय म्हणून शालनबाईंनी तो कानापासून काढून बघितला.

"म्हणजे तूच फिरवलंस."

"होय."

"मगे तेवा नाय कित्याक म्हणालंस? सगळ्या बायांत माका खोटी पाडलंस."

"लाज वाटली गो."

"माका नाय वाटली? हळदीकुंकवाक बोलवीनात माका."

"ठावक आसा."

"ठावक आसा म्हणे." पुन्हा पंखा. मग मालिनी म्हणाली, "अर्धो. पुढचा पाठी, पाठचा पुढे. हिरवा अंग तुझ्या बसपाच्या दगडाकडे. आजून डोळ्यांसमोर आसा माझ्या. कित्याक होया तुका?"

"तो जिवंत आसा. सगळे गेले, तो एकटो रवलो."

मालिनीने फोन ठेवला. रागाने की कशाने, ते शालनबाईंना कळलं नाही.

*

गार्गी मंडळासाठी टिपण लिहीत होती. शालनबाईंनी तिला सगळं सांगितलं. पहार, टवका, हिरवी बाजू. आईबद्दलचं खोटंही, काही न वगळता. सांगताना त्या तिच्याकडे नाही, टाकीकडे बघत होत्या.

गार्गीने पेन खाली ठेवलं. "आईने मला एवढंच सांगितलं होतं की तुमचं खडपावरून काहीतरी झालं."

"मला पाठीशी घालायला नाही गप्प राहिली ती. सांगितलं तर पुन्हा खोटी पडेल म्हणून."

"पण मावशी, बारा वर्षं खुणा टिकतील? तिकडे ऊनच नाही लागलं तरी?"

"ते मी कसं सांगू? ते तुझ्या पारखीला विचार. त्याला विचारायचंच राहून गेलंय. उत्तरेचा एक दाणा दे, दक्षिणेचा एक दे."

गार्गीने टिपणाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि उठली. दाणे स्वतः घेतले. दीड तास बाबलसकट तिघंही पारखीसमोर बसून होती. बाबलने कुणाला न विचारता शालनबाईंचा डबा उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "खावा. यंत्र काय तुमच्या उपासाने लवकर सांगणार नाही."

चारच्या सुमारास पडदा बदलला. उत्तर, कोरी. दक्षिण, जवळजवळ कोरी.

गार्गीने टिपण मिटलं. ती रडली नाही, पण तिने चष्मा काढून ओढणीला पुसला, आणि शालनबाईंना वाटलं की ही आता आईसारखीच बारा वर्षं बोलणार नाही.

"म्हणजे नवी उपजात नाही," गार्गी म्हणाली.

"नाही."

"साधा मधपोळी. आपल्या खोलगीतला." तिने चष्मा घातला. पडद्यावरच्या चारही रांगा पुन्हा वाचल्या. मग एकदम मागे वळली. "मावशी, एक मिनिट. म्हणजे हा शिकलाय. तू फिरवलास म्हणून दुसऱ्या बाजूने शिकलाय, आणि पहिली बाजू विसरलीच नाही. दोन कणखर बाजूंनी मधल्या कोऱ्या बाजूंनाही पोसलं. तू बारा वर्षांपूर्वी हा फिरवला नसतास तर पूर्वेकडून मेला असता, बाकीच्यांसारखा."

शालनबाईंना हे सुचलंच नव्हतं.

"आणि फिरवून शिकवता येत असेल," गार्गी आता टाकीच्या कडेने चालत होती, "तर याचे तुकडे कशाला? या टाकीतले एकतीसच्या एकतीस प्रवाळ फिरवता येतील. हळूहळू, पाव पाव. फिरवायचं कधी, किती, किती दिवसांनी... हे पारखीला नाही येत. तो फक्त झालेलं वाचतो." ती थांबली. "बाबल, करवत ठेवून द्या. उद्या मंडळाची माणसं आली की त्यांना काय सांगायचं ते मला आज बसून ठरवू दे. हसतील कदाचित."

"हसले तर माझं नाव सांग," शालनबाई म्हणाल्या. "फिरवणारी मी. आणि तिथे लिही की बहिणीने बघितलं होतं."

मंडळाची माणसं हसली नाहीत, पण पटलंही नाही त्यांना. एक वर्ष देऊ, म्हणाले. एका वर्षात एक तरी कोरी बाजू शिकलेली दाखवा.

*

पहिले आठ दिवस प्रवाळ तळाशी, सावलीत राहिला. शालनबाईंनी नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी त्याने तोंडं उघडली. सहाव्या दिवशी अंग फुगवलं. आठव्या दिवशी वर पहिल्या पायरीवर घ्यायचं आणि उत्तरेची कोरी बाजू उन्हाच्या जागी लावलेल्या दिव्याकडे करायची असं ठरलं होतं. बाबलने दोरखंडाने वर घेतला, शेजाऱ्यांपासून एक वीत चार बोटं मोजली, पायरीवर टेकवला आणि फिरवायला शालनबाईंना जागा करून दिली.

त्या बाह्या वर सारत होत्या, तेवढ्यात दारातून मालिनी आत आली. हातात छत्री, पायांत रबरी चपला, खडपावर जाताना घालायची त्याच. ती गार्गीशी बोलली नाही, बहिणीशीही नाही. सरळ टाकीपाशी येऊन वाकून बघायला लागली.

"केवढो झालो," ती शेवटी म्हणाली.

"होय."

"आणि आता काय करतंस? परत होतो तसो ठेवतंस?"

"नाय. पाव फिरवतंय. उत्तर ह्या दिव्याकडे."

"आईन काय सांगितल्यान होता?"

"माहीत आसा."

"मोडलंस तो मोडलंस, आता दुसऱ्यांदा मोडतंस." मालिनीने छत्री बाबलच्या हातात दिली. "सर जरा. तुझ्या एकटीच्या हातान तो परत भिंगरी होयत."

दोघींनी दोन बाजूंनी पाण्यात हात घातले. पाणी थंडगार होतं, लहानपणी चोखलेल्या बर्फासारखं. मालिनीच्या अंगठ्याला तो तीनकोनी टवका लागला. ती क्षणभर तिथेच थांबली, मग तिने अंगठा त्यात नीट रोवून पकड घेतली.

"सावकाश," शालनबाई म्हणाल्या.

"तू सांग नको माका." धोंडा हलला, बोटभर, मग आणखी बोटभर. हिरवं अंग बाजूला गेलं, कोरी उत्तर दिव्याकडे आली. शालनबाईंनी हात सोडला. मालिनीने नाही सोडला. तिने मान वाकडी करून बघितलं, खडपावर धोंडा ठेवताना बघायची तसं, गप्प राहून, बराच वेळ.

"अजून थोडो, बाय," ती म्हणाली. "पुरतो पाव नाय झालो."